आई, त्या सोऱ्याच्या दिवसाबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतेय पण हे पत्रच आहे, तेव्हा चष्मा लावा, अक्षर मोठं करा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही हं. आईला टेन्शन येईल असं वाटलं की तेवढी ओळ गिळायची तुम्हाला सवय आहे. आणि आई, तू आधी गॅस बंद करून ये.

काल दादाचा फोन आला. म्हणाला आईचा थायरॉइडचा डोस महिन्यापूर्वी ५० चा ७५ केलाय, आणि आता आईला संध्याकाळी छातीत फडफडतं, रात्री झोप नाही, आणि आई म्हणते गॅस झालाय. मी लगेच तुला फोन लावला तर तू "अगं काही नाही, परवा पावटे खाल्ले ना" म्हणून मोकळी. मग मी जरा जास्तच ओरडले. उद्या सकाळी दादाबरोबर डॉक्टरांकडे जायचं आणि ईसीजी काढायचा हे ठरलंच आहे, त्यात बदल नाही. आणि आज रात्रीत छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली किंवा ठोके वेडेवाकडे पडतायत असं वाटलं तर उद्याची वाट न बघता तसंच उठून जायचं, दादाला हाक मारायला लाजायचं नाही. पण मी एवढी का ओरडले ते फोनवर सांगता आलं नाही, कारण ते सांगायचं तर तुमच्याशी इतके महिने खोटं बोलले तेही सांगावं लागतं.

दिवाळीत मी आले तेव्हा तू म्हणालीस किती बारीक झालीस ग, छान दिसतेस. शेजारच्या काकूंनी तर डाएट विचारलं. मी हसून "चालायला जाते रोज" म्हणाले. आई, मी कुठेही चालायला जात नव्हते. ६४ किलोची ५७ झाले होते, दिवसातून चार वेळा संडासला पळत होते आणि रात्री तीन तीन वाजेपर्यंत छताकडे बघत पडत होते. आजारी होते आणि सगळेजण कौतुक करत होते.

झालं काय, ते पहिल्यापासून सांगते. माझी थायरॉइडची गोळी चिऊच्या जन्मापासून ७५ ची, सात-आठ वर्षं काही कमी-जास्त नाही. गेल्या मार्चमध्ये थकवा फार यायला लागला, रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.९ निघालं म्हणून रक्तवाढीची गोळी सुरू झाली आणि सोबत कॅल्शियम. आता मला सकाळी बँकेत पोचायची घाई, चिऊचा डबा, तुमच्या जावयांचा डबा, त्यात मी सगळ्या गोळ्या एका तळहातावर घेऊन चहाच्या घोटाबरोबर उरकून टाकायचे. थायरॉइडची, रक्ताची, कॅल्शियमची, एकदम. मला वाटायचं पोटात गेलं म्हणजे झालं.

तसं नसतं. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती अंगात पुरती शिरतच नाही. मध्ये चार तासांचं तरी अंतर लागतं. चहा-कॉफीनेही कमी शोषली जाते. म्हणून जूनमध्ये थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ९.८ आला, म्हणजे जास्त. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून १०० ची दिली. ऑगस्टमध्ये पुन्हा बघितलं, तरी जास्तच, मग १२५ ची.

इथे एक सांगते, कारण तू नेहमी म्हणतेस माझं थायरॉइड वाढलंय. आकडा वाढला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय, उलटं आहे ते. टीएसएच म्हणजे डोक्यातून गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. बाबा पेपर वाचत असतात आणि तू "चहा झालाय" म्हणतेस, ते हलत नाहीत, मग तुझा आवाज वाढतो, मग आणखी वाढतो, तसं. ग्रंथी काम करत नाही म्हणून हाक मोठी. आणि अंगात औषध जास्त झालं की हाक मारायची गरजच उरत नाही, आकडा खाली जातो. (बाबा, हे गाळलं नाहीत ना?)

तर ऑगस्टअखेर हिमोग्लोबिन बरं झालं, रक्ताची गोळी संपली. कॅल्शियम मी आपलं आपणच सोडलं. शिवाय चिऊची शाळा सकाळची झाली, मी सव्वापाचला उठायला लागले आणि गोळी आपोआप अनशापोटी जायला लागली, चहाच्या तासभर आधी. म्हणजे इतके महिने अडवून धरणारं जे काही होतं ते सगळं एकदम गेलं आणि १२५ पूर्णच्या पूर्ण अंगात उतरायला लागली. बाटली तीच, डोस तोच, कागदावर काहीच बदललेलं नाही. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

नवरात्रापर्यंत हात थरथरायला लागले. बँकेत रोज दहा जणांना "सही जुळत नाही" म्हणणारी मी, आणि माझीच सही माझ्या जुन्या सहीशी जुळेना. हसू नका, खरंच. घाम एवढा की थंडीत पंखा लावायचा आणि बाकीच्यांनी दुलया घेऊन झोपायचं. आणि चिडचिड. चिऊला मी पेन्सिल हरवली म्हणून अशी काही बोलले की ती दोन दिवस माझ्या बाजूला झोपली नाही.

आणि मग दिवाळीतली चकली. तू पीठ मळून दिलंस, मी सोऱ्या धरला, हात कापत होते, चकली काही गोल पडेना, तुटून तुटून पडत होती, आणि तू एवढंच म्हणालीस की दे मी करते. त्यावर मी सोऱ्या ओट्यावर आपटला आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही, तुला आठवतंय आणि मलाही. तू काही बोलली नाहीस, देवघरात जाऊन वाती वळत बसलीस. आई, मला सगळं गोळीवर ढकलून मोकळं व्हायचं नाहीये. गोळीने आग लावली असेल पण त्यातले काही शब्द माझ्याकडे आधीपासून होते, ते आपण समोरासमोर बोलू. पण एवढं मात्र खरं की त्या दिवशी माझी नाडी बसल्या जागी ११० च्या वर असणार, आणि अशा माणसाला कोणीही प्रेमाने "दे मी करते" म्हटलं तरी ते टोमण्यासारखंच ऐकू येतं.

परत येताना कुंभार्ली घाटात धडधड सुरू झाली, मी वळणांना दोष दिला. चार दिवसांनी रात्री अडीचला मला वाटलं आता संपलंच. तुमचे जावई बनियनवरच गाडी काढून मला हॉस्पिटलात घेऊन गेले. ईसीजी काढला, ठोके वेगात पण नियमित, हार्ट अटॅक वगैरे नाही. तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी "मॅडम टेन्शन घेता का" विचारलं आणि झोपेची गोळी देऊन घरी पाठवलं. टेन्शन घेते का म्हणे. बँकेत आहे, घर आहे, मुलगी आहे, घेते ना. पण थायरॉइडची कुठली गोळी घेता हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण ती मला आता औषध वाटतच नव्हती, दात घासण्यासारखी झाली होती.

दोन दिवसांनी आमच्या मॅडमकडे गेले. टीएसएच ०.०३, आणि टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, वर. त्यांनी पहिल्यांदा विचारलं की गेल्या सहा महिन्यांत बाकी काय काय सुरू केलंत आणि काय काय बंद केलंत. मी रक्ताची गोळी म्हटलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मी विचारायला हवं होतं, तुम्ही सांगायला हवं होतं. मला तो सरळपणा आवडला, दुसरं कोणी असतं तर सगळं माझ्यावरच आलं असतं. चार दिवस गोळी पूर्ण बंद, मग परत ७५. फिरून फिरून भोपळे चौकात! धडधडीसाठी दोन आठवडे एक छोटी गोळी वेगळी दिली, आणि बाबा, तुम्हाला मुद्दाम सांगते, ती दम्याच्या माणसाला चालत नाही. तुम्हाला कोणाचीही उरलेली गोळी "बघू तरी" म्हणून घ्यायची खोड आहे म्हणून लिहिलं.

मला वाटलं आता आठवड्यात बरं वाटेल. कसलं काय. थायरॉइडची गोळी अंगातून निम्मी जायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून डोस बदलला की खरं चित्र दिसायला दीड-दोन महिने जातात. आधी धडधड कमी झाली, मग झोप आली, आणि मग तिसऱ्या आठवड्यात असं गळून गेल्यासारखं झालं की जिना चढताना मध्ये बसायचे. शरीराला त्या पळापळीची सवय लागलेली बहुतेक. कपाटात १०० ची बाटली अर्धी शिल्लक होती, दोनदा हातात घेतली. एक घेतली तर कोणाला कळणार आहे? दुसऱ्या वेळी जावईबापूंनी बघितलं, काही न बोलता बाटली ऑफिसच्या बॅगेत टाकून घेऊन गेले. त्या दिवशी फार राग आला होता त्यांचा.

मग मी एक वही केली. रोज सकाळी उठल्यावर पाच मिनिटं बसून नाडी मोजायची, रविवारी वजन, रात्री झोप किती, बस. मनाला काही वाटो, वहीत नाडी १०४, ९६, ९०, ८४ अशी उतरत होती. ज्या दिवशी "मी कधीच बरी होणार नाही" असं वाटायचं त्या दिवशी मागची पानं उलटायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला, टीएसएच ०.९, म्हणजे जागेवर. वजन ६०. केस अजून गळतायत, त्यांना वेळ लागतो म्हणतात.

बाबा, त्या जागरणांत फोनवर वाचत बसायचे तेव्हा तुमच्या कामाचं एक सापडलं, विज्ञानाच्या तासाला तुम्ही नक्की सांगितलं असतंत. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका बाईला टोचायला सुरुवात केली, तिची ग्रंथी कामातून गेली होती. ती बाई त्यावर पुढे २८ वर्षं जगली आणि तेवढ्यासाठी आठशेच्या वर मेंढ्या लागल्या. मी आपली रात्री अडीचला मेंढ्या मोजत होते, तरी झोप नाही.

आता आई, तुझं. तू ६९ ची आहेस. माझ्या वयात जास्तीचा डोस निभावला, तुझ्या वयात तो हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतो आणि हाडंही ठिसूळ करतो, म्हणून उद्या नाडी आणि ईसीजी. कदाचित गोळीचा संबंध नसेलही, ते डॉक्टर ठरवतील, पावटे नाही. पण तोपर्यंत तू स्वतःहून गोळी अर्धी करू नकोस आणि दुसऱ्या बाटलीतली जुनी ५० ची पण काढू नकोस. मला माहितेय तू हा विचार केलायस, कारण मीही केला होता.

उद्या जाताना एका पिशवीत घरातलं सगळं ने. तुझी कॅल्शियमची गोळी, बीपीची, बाबांची अ‍ॅसिडिटीची जी तूही घेतेस, ते केसांसाठी मावशीने दिलेलं काहीतरी, आणि ते चूर्ण. चूर्णाची लाज वाटून लपवू नकोस. आणि डॉक्टरांना नीट सांग की तू गोळी चहाबरोबर घेतेस का आधी, आणि मध्ये कधी बदललंस का. दादा म्हणाला तू हल्ली कॅल्शियम रात्री घेतेस, कधीपासून ते तारखेसकट सांग, कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेलं असेलच. आणि ती बाटली शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवतेस ना, तिथून आजच काढ, वाफेने आणि उष्णतेने गोळीचा कस जातो. कपाटात ठेव, पण डबी बदलू नकोस, तिच्याच बाटलीत राहू दे.

रागावली असशील मी लपवलं म्हणून. तुम्हाला काळजी नको म्हणून लपवलं असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे तू लगेच निघून आली असतीस आणि मला माझा तो अवतार तुला दाखवायचा नव्हता. आणि तू पावटे म्हणालीस तेव्हा कळलं मी हे कुठून उचललंय.

२३ ला रात्री निघतोय आम्ही तिघं, २६ पर्यंत आहोत. चिऊने तुझ्यासाठी काटेरी हलवा जपून ठेवलाय, अर्धा तिनेच संपवलाय ते बोलू नकोस. सोऱ्या काढून ठेव, भाजणी उरली असेल तर बरं, नसेल तर मी इथून आणते. आणि मला सकाळी उठल्या उठल्या चहा देऊ नकोस, तासभर थांबावं लागतं. तूही थांब माझ्याबरोबर, ओटीवर बसू.

उद्या डॉक्टरांकडून बाहेर पडलात की आधी फोन, मग घरी.

तुमची
मनू