आमच्या घोणशीचं विष कोण तपासणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सर्पदंशावरील नव्या औषधांच्या संशोधनात सांगली व सातारा जिल्ह्यांना सामील करून घेण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

मी शिराळा तालुक्यातला. सरकारी आरोग्य खात्यात औषध निर्माण अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. औषधं मोजून घ्यायची, आधी संपणारी पुढे लावायची, साठा तळाला गेला की मागणी पाठवायची, यात नोकरी गेली. त्यात एका औषधाकडे माझं जरा जास्त लक्ष असायचं. ते म्हणजे सापाची लस, म्हणजे दंश झाल्यावर द्यायचं प्रतिविष. बाकी कुठलंही औषध नसलं तर माणूस उद्या येतो. ही नसली तर उद्या त्याचा भाऊ दाखला मागायला येतो.

गेल्या काही वर्षांत या विषयावर जगभरात बरंच काही झालंय आणि त्याच्या बातम्या व्हॉट्सअॅपवरून आमच्यापर्यंत पोचतात. ‘सगळ्या सापांवर एकच लस निघाली’ असा मजकूर दाखवून लोक एसटी स्टँडवर मला विचारतात, आपल्याकडे कधी येणार? त्यांना देतो तेच उत्तर सविस्तर तुम्हालाही कळवावं म्हणून हे पत्र.

आज आपण जी लस देतो तिची पद्धत १८९० च्या दशकातली आहे. फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांच्या काळापासून तत्त्व तेच : घोड्याला विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झाली की ती काढून शुद्ध करायची. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. तिने लाखो जीव वाचवले, यात वाद नाही. पण लस घोड्याची, त्यामुळे रिअॅक्शनची भीती कायम. आणि बाटलीतल्या प्रतिपिंडांपैकी विषाला खरोखर धरणारी थोडीच, बाकीची घोड्याला आयुष्यात झालेल्या इतर आजारांची.

आता नवं काय ते सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक संशोधन आलं. नाग आणि मण्यारच्या कुळातल्या सापांच्या विषात नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडणारी प्रथिनं असतात. त्यांना घट्ट पकडून ठेवणारी छोटी प्रथिनं अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर रचली. घोडा नाही, साप नाही. रचना संगणकात आणि उत्पादन जिवाणूंमध्ये. प्राणघातक मात्रा दिलेले उंदीर त्यांनी वाचवून दाखवले. ही प्रथिनं उष्णतेतही टिकून राहतात. आमच्या वाडीवस्तीच्या उपकेंद्रात ज्या दिवशी लाइट असते त्याच दिवशी फ्रीज थंड असतो, तिथे या गुणाचं मोल मोठं. प्रथिनांची रचना संगणकावर करण्याच्या कामासाठीच बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

बेकर यांच्या या संशोधनाच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था यांनी मिळून मानवी प्रतिपिंड शोधलं. वेगवेगळ्या खंडांतल्या नाग-मण्यार कुळातल्या सापांचं एक मुख्य विष ते निष्प्रभ करतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका माणसाच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिपिंडं आणि एक रसायन यांचं मिश्रण १९ सापांच्या विषांवर उंदरांमध्ये तपासलं गेलं. या माणसाने वर्षानुवर्षं स्वतःला विष टोचून घेतलं होतं. ‘एकच लस’ ही बातमी निघाली ती इथूनच. त्या १९ मध्ये एकही घोणस नाही, एकही फुरसं नाही.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. भारतात सापामुळे जे जीव जातात त्यात घोणस आघाडीवर आहे. तिचं विष नसांवर नाही, मुख्यतः रक्तावर आणि मूत्रपिंडावर जातं. जे वाचतात त्यातले कित्येक पुढे डायलिसिसवर जातात. म्हणजे गाजलेल्या बातम्यांमधलं संशोधन खरं असलं, तरी आमच्या उसातल्या सापाला ते अजून हात लावत नाही.

घोणशीच्या बाजूने आशा दुसऱ्या वाटेने येते आहे. ती वाट म्हणजे जुन्या औषधाला नवं काम देणं. वरेस्प्लॅडिब हे औषध सेप्सिससाठी (अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गासाठी) आणि पुढे हृदयविकारासाठी तपासलं गेलं आणि तिथे नापास झालं. सापाच्या विषातल्या फॉस्फोलायपेज या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं, हे २०१६ मध्ये पुढे आलं. ते गोळी म्हणून घेता येतं. भारतात आणि अमेरिकेत सर्पदंशाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आले. मुख्य कसोटीवर गोळी उतरली नाही, हे आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण दंशानंतर पहिल्या काही तासांत गोळी मिळालेल्यांमध्ये फायद्याची चिन्हं दिसली. धातूच्या विषबाधेवरचं युनिथिओल नावाचं औषधही असंच तपासलं जातंय. निरोगी माणसांवरची त्याची पहिली चाचणी केनियात झाली. पहिले काही तास म्हणजे रुग्ण अजून शेताच्या बांधावर, नाहीतर वडापच्या जीपमध्ये. अशी गोळी सिद्ध झाली तर ती ठेवायची जागा मोठं हॉस्पिटल नव्हे. आशाताईच्या पेटीत ती हवी.

जुन्या औषधाला नवं काम देणं महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हेच केलं होतं, तेही घाटाखाली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. लाल विंचवाच्या दंशावर त्यांनी प्राझोसिन वापरलं. ते रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध. विंचवाने पटापट मरणारी माणसं वाचू लागली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं, जगाने स्वीकारलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे यंत्रसामग्री नव्हती. रुग्ण होते, रात्रभर शेजारी बसून केलेल्या नोंदी होत्या आणि नोंदी छापायची हिंमत होती.

आता शीर्षकातला प्रश्न. देशातल्या बहुतेक लसींसाठी लागणारं विष तामिळनाडूतून येतं. तिथल्या इरुळा समाजाची सहकारी सोसायटी १९७८ पासून साप पकडून, विष काढून, त्यांना परत सोडते. काम उत्तम आहे. पण साप तिथल्या एक-दोन जिल्ह्यांतले. सुनगर यांच्याच प्रयोगशाळेने २०२५ मध्ये भारतातल्या ३४ ठिकाणांहून आणलेल्या ११५ घोणशींचं विष तपासलं. जागेगणिक विष बदलतं, आणि या बदलात हवामानाचा, पावसाचा वाटा आहे, असं त्यांना दिसलं. कोरड्या भागातल्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांचं प्रमाण जास्त निघालं.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपला नकाशाच आला. महाबळेश्वरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. सांगलीत चांदोलीच्या जंगलाला जून ते सप्टेंबर झड लागलेली असते, तेव्हा जत-आटपाडीत टँकर चालू असतात. घोणस दोन्हीकडे आहे. आरळ्याची घोणस आणि जतची घोणस यांचं विष सारखं आहे का? तामिळनाडूच्या घोणशीवर बनलेली लस दोघींवर सारखीच चालते का? आणि उद्या नवी गोळी आली तर तीही? दोनच जिल्ह्यांत इतका कोरडा आणि इतका ओला मुलूख शेजारी शेजारी मिळणं म्हणजे संशोधकाला आयतीच प्रयोगशाळा आहे. शिवाय पश्चिम घाटातला चापडा हा विषारी साप आपल्या लसीत नाहीच. तो चावला तर दिलेली लस वाया जाते आणि रिअॅक्शनचा धोका मात्र पदरात पडतो.

विष गोळा कोण करणार, असं तुमचे सचिव विचारतील. साहेब, मी शिराळ्याहून लिहितोय. नाग हाताळणारी घराणी या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वन्यजीव कायद्यापुढे आणि उच्च न्यायालयापुढे नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक काढण्याचा जुना प्रकार थांबला. मला त्याचं वाईट वाटत नाही, सापांचे हाल मी पाहिलेत. पण २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायला परवानगी दिली. मिरवणुकीच्या गावाला प्रबोधनासाठी परवानगी मिळते, तर वनखात्याच्या देखरेखीखाली, पशुवैद्य हजर ठेवून, विष काढून साप त्याच जागी सोडण्याच्या केंद्रालाही मिळायला हवी. हाफकिन ही संस्था आपल्या राज्य सरकारचीच आहे, लस बनवण्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे. विष तपासायला बंगळुरूला पाठवता येईल. अडचण एकच : फाइल आरोग्याची, परवानगी वनाची, हाफकिनचा कारभार तिसऱ्याच टेबलावर. ही टेबलं एकत्र आणणं तुमच्याच हातात आहे.

दुसरी मागणी मिरजेची. १९६२ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडून लोक उपचाराला मिरजेला येतात. तिथे सर्पदंशाच्या औषधांच्या चाचण्या घेता येतील असा कक्ष उभा करा. सातारचं नवं शासकीय महाविद्यालय त्या कक्षाला जोडा. चाचणी म्हटलं की आमच्यावर प्रयोग करणार का, हा प्रश्न गावात येणारच आणि तो रास्त आहे. म्हणून नीतिमत्ता समिती, मराठीत समजावून घेतलेली संमती आणि नुकसान झाल्यास भरपाई हे आधी ठरलं पाहिजे. पण चाचण्या दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या सापांवर झाल्या तर औषध आपल्याकडे येईल तेव्हा ते आपल्या घोणशीवर चालतं का, हे आपल्याला आपल्याच रुग्णांच्या जिवावर शोधावं लागेल.

संशोधनाचं इतकं बोलताना आज हातात आहे त्याची स्थितीही सांगितली पाहिजे. लसीच्या बाटलीत पांढरी भुकटी असते. तीत दहा मिली पाणी सोडून बाटली तळहातांत हळूहळू फिरवायची, जोरात हलवली की फेस येतो आणि औषध वाया जातं. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असा मानक हिशेब आहे. लसीचा एक मिली ०.६ मिलिग्रॅम विष मारतो, म्हणजे दहा बाटल्यांत ६० मिलिग्रॅम. या दहा बाटल्या फिरवत सिस्टर बसलेली असते आणि बाहेर नातेवाईक ओरडत असतात की बाई नुसती बसलीय. त्याच वेळी दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरपी करायची. गुठळी झाली नसेल तर घोणस किंवा फुरशाचा संशय पक्का. या तपासणीला मशीन लागत नाही, पण नळी काचेचीच लागते आणि साबणाने धुतलेली चालत नाही. आता पुरवठा सगळा प्लॅस्टिकच्या नळ्यांचा. काही रुपयांच्या काचेच्या नळीसाठी मी मागणीपत्रं लिहिली आहेत.

मण्यारची तऱ्हा वेगळी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण सापडत नाही. ऊसतोड टोळीतल्या एका पोरीला पहाटे पोटात दुखायला लागलं, आईने ओवा दिला. उजाडेपर्यंत पापण्या मिटायला लागल्या. कोपीतल्या म्हातारीने ओळखलं, पान लागलंय, म्हणजे साप चावलाय. आधी जिथे नेलं तिथे लस होती, पण रिअॅक्शन आली तर काय, या भीतीने ती द्यायला कोणी धजलं नाही, पुढे पाठवलं. पोरगी व्हेंटिलेटरवरून परत आली. भीती डॉक्टरची एकट्याची नव्हती, त्याच्या मागे उभं राहणारं कोणी नव्हतं. रिअॅक्शन आवरणारं अॅड्रेनलिन सुईत भरून हाताशी ठेवा आणि लस सुरू करा, हे प्रत्येक नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला रुजू होताना करून दाखवलं पाहिजे. नुसता जीआर वाचायला देऊन भागत नाही.

(ऊर्जा खातं तुमच्याकडे नाही, तरी लिहितो. शेतीला दिवसा वीज मिळाली तर रात्री मोटर चालू करायला अनवाणी जाणारी माणसं कमी होतील. तेवढ्यानेही दंश घटतील.)

राहिला आकड्यांचा प्रश्न. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सापामुळे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यूंच्या पाहणीतून तो निघाला, कारण सरकारी रजिस्टरात यातले बहुतेक मृत्यू दिसतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं राज्यांना कळवलं. निम्मे कशाच्या? आधीचा आकडाच नसेल तर २०३० ला प्रेस नोट काढण्यापलीकडे काही होणार नाही. सांगली आणि साताऱ्याचे आकडे तालुकावार, खासगी दवाखाने धरून, दर महिन्याला लोकांसमोर ठेवा. कुठला साप, किती वाजता चावला, किती वेळाने लस मिळाली, किती बाटल्या लागल्या, पेशंटचं पुढे काय झालं, एवढे पाच रकाने पुरेत. बावस्करांनी याहून जास्त काही मांडलं नव्हतं.

पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी आरोग्य, वैद्यकीय शिक्षण आणि वन या तिन्ही खात्यांची एक बैठक मिरजेत लावा. मंत्रालयात नको. मिरजेत लावली तर वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, सर्पमित्र आणि कारखान्याचे शेतकी अधिकारी येऊ शकतील. मला बोलावलंत तर मी जुनी साठा रजिस्टरं बघून लसीचा महिनावार खप काढून आणीन. पावसाळ्याचा आणि तोडणीचा, असे दोन उंचवटे त्यात स्पष्ट दिसतात, आणि आपला पुरवठा मात्र बारा महिने सारखाच येतो.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
शिराळा, जि. सांगली