विसार देण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

कोथरूडच्या फ्लॅटचा विसार दसऱ्याला द्यायचा, असे बाबा काल फोनवर म्हणाले. साताऱ्याच्या घराचे सगळे पैसे त्यात जाणार आहेत, म्हणून फोनवर नीट सांगता आले नाही ते लिहून कळवते. विसार देण्यापूर्वी त्या घराची पाहणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी, एवढाच माझा आग्रह आहे.

बाबा, वकिलांकडून तुम्ही 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतलात, हे फार चांगले केलेत. पण त्यातून मालकी निर्वेध असल्याचे कळते. स्लॅबमधली सळई गंजली आहे का, हे कळत नाही. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडते. तुळईच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेतच गेलेली भेग आणि प्लास्टरवरची केसाएवढी साधी भेग आपल्याला सारखीच दिसते, तो फरक जाणकारालाच ओळखता येतो. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर रेरा कायद्याने बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो; ही इमारत 1991 सालची आहे, त्यामुळे तो आधारही आपल्याला नाही.

आई, घर नुकतेच रंगवलेले आहे म्हणून तुला आवडले, मला मात्र तीच गोष्ट खटकली. डोंबिवलीला आम्ही घर घेतले तेव्हाही भिंती अशाच गुळगुळीत होत्या. पहिल्याच पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीची लांबी (पुट्टी) फुगली, बोट लावताच पापुद्रा हातात आला आणि खाली पांढरे क्षार दिसले. पलीकडे बाथरूम होते, त्याचे वॉटरप्रूफिंग केव्हाच गेले होते. सगळी फरशी उखडावी लागली, आणि खालच्या शेजाऱ्यांची बोलणी ऐकावी लागली ती वेगळीच. ओलावा मोजण्याचे यंत्र त्या भिंतीला आधी टेकवले असते, तर रंगाखालची ओल तेव्हाच कळली असती. पावसाळा आत्ताच सरतो आहे, ओल सापडण्याचे हेच दिवस आहेत.

इंजिनिअर अर्थिंग तपासतील, फरश्या ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहतील आणि बाथरूमचा उतार जाळीकडे आहे की दाराकडे, हेही बघतील. आईचे गुडघे पाहता ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) 30 वर्षांपुढच्या इमारतीचे ऑडिट दर 3 वर्षांनी व्हायला हवे.

पाहणी केली तर मालकांना अविश्वास वाटेल, असा संकोच बाबांनी करू नये. आजोबा बैलाचे दात पाहिल्याशिवाय बाजारात सौदा करत नसत, आणि त्याचे कुणाला वाईट वाटत नसे. पाहणीचा खर्च मी करणार आहे.

शनिवारी सकाळी मी इंजिनिअरांना घेऊन येते. त्याआधी, खाली गळते का ते कळावे म्हणून, जाळीचे तोंड बंद करून बाथरूममध्ये एक दिवस पाणी साठवून ठेवायला मालकांची परवानगी घ्या. आई, तू खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटून, शनिवारी आम्हाला त्यांच्या बाथरूमचे छत पाहू द्याल का, एवढे विचारून ठेव.

तुमची लेक