केबल ग्लँडची निवड मोजून व्हावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आगीच्या बातमीच्या शेवटी बहुधा 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' असे एक वाक्य असते आणि विषय तिथेच मिटतो. पण शॉर्टसर्किट होण्याआधी कुठेतरी पाणी शिरलेले असते, केबलचे आवरण चिरलेले असते किंवा अर्थिंग सुटलेले असते. विद्युत देखभालीच्या कामात माझी सारी नोकरी गेली आणि या गोष्टी मी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी पाहिल्या: केबल विजेच्या जोडण्यांच्या पेटीत शिरते त्या तोंडाशी. त्या तोंडाशी बसणाऱ्या केबल ग्लँडच्या निवडीबद्दल आपल्या वाचकांपुढे, विशेषतः नव्या इमारतीचे, कारखान्याचे किंवा पंपघराचे विद्युतकाम करून घेणाऱ्यांपुढे, काही गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र.

वरवर पाहता ग्लँड म्हणजे पितळेची किंवा नायलॉनची, आटे पाडलेली एक आखूड नळी, तिच्यात रबराचे कडे आणि वरून आवळायचा नट. मात्र केबलला ओढ बसली तर तो ताण आतल्या टर्मिनलपर्यंत जाऊ न देणे, धूळ व पाणी बाहेरच अडवणे आणि आर्मरच्या, म्हणजे आवरणाखाली संरक्षक धातूच्या तारा गुंडाळलेल्या, केबलमध्ये त्या तारा पेटीच्या धातूशी पक्क्या जोडून दोषप्रवाहाला परतीची वाट करून देणे, ही सगळी कामे तिलाच करावी लागतात. आणि तरीही साहित्याच्या यादीत ती सर्वांत शेवटी येते, तीही 'योग्य त्या मापाची' एवढ्याच शब्दांत.

एका पंपाच्या मोटरचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काम पूर्ण झाले तेव्हा मेगरचे, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणाचे, आकडे उत्तम आले होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात मोटर ट्रिप झाली. टर्मिनलची पेटी उघडली तर तळाशी दोन बोटे पाणी होते आणि तारांच्या टोकांना लावलेल्या तांब्याच्या लग्जवर हिरवट पूड धरली होती. ग्लँडचा नट सोडवल्यावर कारण हातातच आले. ग्लँड केबलपेक्षा मोठी होती आणि फट भरून काढण्यासाठी केबलवर काळ्या टेपचे आठ-दहा फेरे दिलेले होते. मोटरच्या उबेने टेपचा डिंक मऊ झाला होता, फेरे एकमेकांवरून सरकले होते आणि त्यांच्यामधून पाणी आत उतरले होते. ग्लँडवर 'आयपी 67' असा, धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा सांगणारा, स्वच्छ शिक्का होता, आणि तो खोटाही नव्हता. मात्र उत्पादकाने दिलेल्या कमाल आणि किमान व्यासाच्या मधली गोल केबल आत असेल तरच तो शिक्का लागू होतो, टेपवर लागू होत नाही.

म्हणून निवडीची सुरुवात व्हर्नियर कॅलिपरने व्हायला हवी. आपल्याकडे वायरमन मंडळी 'चार कोअर सोळाची ग्लँड द्या' असे म्हणतात, म्हणजे आतल्या वाहक तारांची (कोअरांची) संख्या आणि तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या वाहकाचे क्षेत्रफळ सांगतात. ग्लँड मात्र वाहकावर बसत नाही, आवरणावर बसते. त्याच चार कोअर 16 चौरस मिलिमीटरच्या केबलचा बाहेरचा व्यास दोन उत्पादकांचा वेगवेगळा असू शकतो. आर्मरच्या केबलसाठी दुहेरी कॉम्प्रेशनची, म्हणजे दोन जागी सील धरणारी, ग्लँड घ्यायची तर एकच माप पुरत नाही: बाहेरच्या आवरणाचा व्यास, आर्मरच्या खालच्या आतल्या आवरणाचा व्यास आणि आर्मरच्या तारेची जाडी, अशी तीन मापे लागतात. केबल चपटी असेल तर गोल छिद्राचे कडे तिला कधीच नीट धरणार नाही. तिच्यासाठी चपट्या छिद्राचे कडे मिळते. दोन-तीन बारीक केबल एकाच ग्लँडमधून न्यायच्या असतील तर तितक्या छिद्रांचे कडे घ्यावे. त्या तशाच एकत्र कोंबल्या की मधल्या त्रिकोणी फटीतून पाणी येतेच.

आयपीच्या आकड्यांबाबतही एक गैरसमज पक्का बसला आहे. पहिला आकडा धूळ व घन वस्तूंसाठी असतो आणि 6 म्हणजे धूळ पूर्ण बंद. दुसरा आकडा पाण्यासाठी असतो. त्यातला 6 म्हणजे जोरदार फवारा, 7 म्हणजे एक मीटरपर्यंत पाण्यात तात्पुरते, अर्ध्या तासाचे बुडणे, आणि 8 म्हणजे उत्पादकाने ठरवून दिलेल्या अटींनुसार सतत बुडून राहणे. मोठा आकडा असला की लहान आकड्याची चाचणी त्यात आलीच, असे लोक समजतात. प्रत्यक्षात बुडण्याची चाचणी आणि फवाऱ्याची चाचणी वेगळ्या आहेत, म्हणून जिथे रोज पाण्याच्या जोरदार झोताने यंत्रे धुतली जातात तिथे नुसते '67' वाचून समाधान मानू नये, '66' चा उल्लेख वेगळा आहे का ते पाहावे. शिवाय केबल शक्यतो पेटीच्या खालच्या बाजूने आत घ्यावी आणि ग्लँडच्या आधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. ही सवय फुकट आहे, आणि तिने वाचवलेल्या पेट्या मी पाहिल्या आहेत.

आर्मरचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो. एकेरी कॉम्प्रेशनच्या साध्या ग्लँडमध्ये आर्मरच्या पकडीच्या जागी बाहेरून ओल जाऊ शकते. ती कोरड्या, आतल्या जागेत चालते. उघड्यावर आणि दमट जागी बाहेरच्या आवरणावर व आतल्या आवरणावर असे दोन्हीकडे सील धरणारी दुहेरी कॉम्प्रेशनचीच घ्यावी, नाहीतर काही वर्षांत आर्मरच्या तारा ग्लँडमध्ये त्यांना धरणाऱ्या शंकूपाशीच गंजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वर पीव्हीसीची टोपी असली तर ती हा गंज झाकूनच टाकते. पेटीला रंग असेल तर ग्लँडखालचा रंग धातूशी संपर्क होऊ देत नाही. पेटी प्लास्टिकची असेल तर धातूच नसतो. अशा वेळी अर्थ टॅग (ग्लँडवर बसणारी अर्थिंगची धातूची चकती) लावून त्याला अर्थिंगची वेगळी तार जोडावीच लागते. बरेच कंत्राटदार टॅग पिशवीतच ठेवतात आणि काम सुरळीत चालतेही, पण ज्या दिवशी केबलमध्ये दोष होतो त्या दिवशी प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही, ब्रेकर पडत नाही आणि पेटीचा पत्रा जिवंत राहतो.

एककोअर केबलचा नियम त्याहून वेगळा आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या तीन फेजच्या तीन एककोअर केबल साध्या लोखंडी पत्र्याच्या तीन स्वतंत्र छिद्रांतून नेल्या, तर प्रत्येक केबलभोवती लोखंडाचे बंद कडे तयार होते आणि चुंबकीय क्षेत्रामुळे पत्रा तापतो. प्रवाह मोठा असेल तर पत्र्यावरचा रंग करपलेला आणि ग्लँडचे रबर कडक झालेले आढळते. अशा जागी पत्रा अॅल्युमिनियमचा किंवा दुसऱ्या अचुंबकीय धातूचा हवा, ग्लँड पितळेची किंवा अॅल्युमिनियमची हवी आणि केबलचे आर्मरही पोलादाचे नसून अॅल्युमिनियमचे हवे.

धातूंच्या जोडीचेही भान हवे. अॅल्युमिनियमच्या पेटीत उघडी पितळी ग्लँड बसवली आणि तिथे खारी, दमट हवा असली की झीज अॅल्युमिनियमची होते. निकेलचा मुलामा दिलेली पितळी ग्लँड तिथे बरी. समुद्राकाठी स्टेनलेस स्टील घ्यावे. नायलॉनची ग्लँड बिनआर्मरच्या केबलला उत्तम, मात्र उन्हात राहणारी असेल तर अतिनील किरणे सोसणारी, बहुधा काळी, निवडावी.

आट्यांचीही गफलत होते. मेट्रिक एम 20 चा बाहेरचा व्यास 20 मिलिमीटर आणि जुन्या जर्मन पद्धतीच्या पीजी 13.5 चा 20.4. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, हातालाही सुरुवातीला आटे धरल्यासारखे वाटतात, पण आट्यांमधले अंतर वेगळे असल्यामुळे जबरदस्तीने आवळले की दोन्हीकडचे आटे जातात. जिथे स्फोटक वायू किंवा बाष्प असू शकते अशा जागी तर हा निष्काळजीपणा अक्षम्य आहे. ज्वालारोधक पेटीतला स्फोट आतल्या आतच राहावा म्हणून ग्लँडचे किमान 5 पूर्ण आटे धरलेले असावे लागतात आणि ग्लँड त्या संरक्षणप्रकारासाठी प्रमाणित असावी लागते. केबलच्या कोअरांमधल्या पोकळीतून ज्वाला वा वायू पुढे जाऊ शकत असेल, तर आत मिश्रण भरून बंद करायची बॅरियर ग्लँड वापरावी लागते. हा निर्णय दुकानात किंवा शिडीवर उभे राहून घेण्याचा नाही, आराखड्याच्या टेबलावर घेण्याचा आहे.

विद्युत प्रतिष्ठापनांसाठीच्या केबल ग्लँडकरिता आयईसी 62444 हे आंतरराष्ट्रीय मानक 2010 साली प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा निकष नाहीत अशी सबब उरत नाही. माझी विनंती एवढीच, की काम देणाऱ्यांनी प्रत्येक केबलच्या नोंदीसमोर ग्लँडचा प्रकार, व्यासाची मर्यादा, आट्यांचे माप, धातू आणि आयपी क्रमांक आधीच लिहून घ्यावेत. आणि काम ताब्यात घेताना दहातल्या दोन तरी ग्लँड समोर सोडवून आत टेप नाही, अर्थ टॅग आहे आणि पेटीची न वापरलेली छिद्रे नुसत्या लांबीने (पुट्टीने) न भरता योग्य प्लगने बंद केली आहेत, हे स्वतः पाहावे.

आपला,
एक निवृत्त विद्युत देखभाल पर्यवेक्षक