१७२९ सोबत १७६६३१९०४९ पण शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२२ डिसेंबरच्या गणित दिवसाला शाळाशाळांत रामानुजन यांचा १७२९ (दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येणारा सगळ्यात लहान नंबर) सांगतात, सांगितलाच पाहिजे, पण आपल्या खान्देशातल्या पोरांना १७६६३१९०४९ हा नंबरही पाठ असायला हवा असं मला फार वाटतं, कारण तो भास्कराचार्यांचा आहे. त्यांच्या जन्मगावाचा वाद चालू राहू द्या, पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला शिलालेख आहे आणि त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला हे त्यात कोरलेलं आहे. नवरात्रात पाटणादेवीला केवढी गर्दी असते, त्यातल्या किती जणांना हा नंबर माहीत असेल?

कोडं असं, ६१ ला एखाद्या संख्येच्या वर्गाने गुणायचं, त्यात १ मिळवायचा आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला पाहिजे. ६० घेतलं तर चुटकीसरशी होतं, ४ चा वर्ग १६, साठ गुणिले सोळा ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, तो ३१ चा वर्ग. ६२ ला पण ८ आणि ६३ वर भागतं. पण मधल्या ६१ ला (शून्य सोडून) सगळ्यात लहान उत्तरच २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ आहे! एकेक आकडा टाकून बघत बसलं तर जन्म जाईल. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणित’ या ग्रंथात ते चक्रवाल पद्धतीने, म्हणजे जवळच्या उत्तरावरून पायरीपायरीने पुढे सरकत काढलं, ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त इथून सुरुवात, पुढच्याच पायरीला ३९ आणि ५, कारण ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, फरक फक्त ४ चा, आणि तिथून ब्रह्मगुप्ताच्या नियमाने (जोड्या एकमेकींशी गुणून नवी जोडी काढायचा नियम) थेट दहा आकड्यांवर. ही पद्धत भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने पण मांडली होती, ते श्रेय त्याचंच. आणि फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने हेच ६१ चं कोडं १६५७ मध्ये आव्हान म्हणून दिलं, म्हणजे पाचशे वर्षांनी.

पोरांनी नुसतं ऐकू नये, स्वतः करून बघावं. या नंबरचा वर्ग एकोणीस आकडी येतो, दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर मावतच नाही, पण एक वाट आहे. २९७१८ चा वर्ग करा, ८८३१५९५२४ येतो. ३८०५ चा वर्ग करून ६१ ने गुणा, ८८३१५९५२५ येतो, बरोब्बर एकाचा फरक. आता पहिल्या वर्गाची, म्हणजे ८८३१५९५२४ ची दुप्पट करून १ मिळवा, झाला आपला नंबर. २९७१८ आणि ३८०५ च्या गुणाकाराची दुप्पट केली की जोडीदार २२६१५३९८० पण मिळतो. आठवीच्या पोराला तासाभरात जमेल एवढंच आहे हे.

माझी मागणी एवढीच की चाळीसगावच्या एसटी स्टँडवर आणि तालुक्यातल्या शाळांच्या भिंतींवर हा नंबर त्याच्या कोड्यासकट मोठ्या अक्षरात रंगवावा, खर्च तो काय, एक डबा रंग. आणि ज्यांना ६१ जमलं त्यांनी पुढे १०९ घ्यावा, फर्माने तो पण दिला होता, उत्तर पंधरा आकडी आहे.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव