बाबांचा रिपोर्ट आणि आईचं उरलेलं तेल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रक्ततपासणीचा रिपोर्ट वाचला. एकूण कोलेस्टेरॉल मर्यादेत आहे म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, पण त्याच्या खालच्या दोन ओळी बघा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरलंय. लोण्यातल्या संपृक्त चरबीने एलडीएल वाढतं. ट्रान्स फॅट (पातळ तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, बिस्किटांतही असू शकते) तेही करतं आणि वर एचडीएल खाली आणतं, म्हणजे कचरा वाढवायचा आणि झाडूवाल्यालाही रजा द्यायची! नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं. तुमचे आकडे केवळ यामुळेच बिघडले असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण रोज चहासोबत बिस्किटांचा अर्धा पुडा संपतो, त्याबद्दल बोलायलाच हवं.

"आयुष्यभर खाल्लं, काय झालं?" हे तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. तुम्हाला दोष देतच नाही. एके काळी डॉक्टरच सांगायचे, लोणी सोडा, मार्गारिन (घट्ट केलेल्या तेलाचं कृत्रिम लोणी) खा. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायची युक्ती जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांची, १९०२ मधली. हे काम अर्धवट थांबवलं की तेलाच्या काही रेणूंमधला बाक जाऊन ते सरळ होतात आणि दाटीने बसतात. तेच ट्रान्स फॅट. असं वनस्पती तूप लवकर खवट होत नाही, बिस्किट खुसखुशीत होतं, माल महिनोन्‌महिने टिकतो. सोय सगळी कारखानदाराची.

दिवसभराच्या उष्मांकांपैकी नुसते २ टक्के जरी ट्रान्स फॅटमधून आले, तरी हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो असं अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, १ टक्क्याच्या आत राहा. २००० कॅलरीच्या आहारात ते होतं जेमतेम २.२ ग्रॅम.

आई, पुड्यावर पुढे मोठ्या अक्षरात 'शून्य ट्रान्स फॅट' दिसलं की तू तो बिनधास्त घेतेस. तो उलटा करत जा. अमेरिकेसारख्या देशात एका सर्व्हिंगमध्ये, म्हणजे एका वेळी खायच्या ठरावीक वाट्यात, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहिता येतं. समजा तीन बिस्किटांची एक सर्व्हिंग आणि तिच्यात ०.४ ग्रॅम. बाबांनी नऊ खाल्ली की १.२ ग्रॅम पोटात, आणि कागदावर शून्यच! म्हणून घटकांची यादी वाच, चष्मा लावून. 'अंशतः हायड्रोजनीकृत तेल' किंवा 'वनस्पती तूप' दिसलं की पुडा परत ठेव.

डेन्मार्कने २००३ मध्ये कायद्याने मर्यादा घातली, मागून बरेच देश आले. तरी सुटा मिळणारा केक किंवा तळलेला पदार्थ कशात केलाय ते कोण सांगणार? त्यावर काही छापलेलंच नसतं. तिथे हात आखडता घेतलेला बरा.

आणि आई, तळून उरलेलं तेल गाळून पुन्हा वापरतेस ना? त्यात ट्रान्स फॅट थोडंच वाढतं, पण तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात इतर नको ते पदार्थ तयार होतात. काटकसर दुसरीकडे कर, बाई. मुळात तळणाला थोडंच तेल घेतलं तर उरणारही नाही.

दूध बंद करू का, असं तू विचारलं होतंस. दुधात ट्रान्स फॅट निसर्गतःच असतं, पण अगदी थोडं. त्यासाठी दूध तोडायची गरज नाही. साय तेवढी बाबांच्या वाटीत घालू नकोस.

तुमची,
धाकटी