स्तंभलेखकाची नजर

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक एड सुलिव्हन यांच्यावरील लेख वाचला. ‘अंगी कोणतीही कला नसताना निव्वळ नशिबाने गाजलेला सूत्रसंचालक’ हा त्यातील सूर मात्र पटला नाही. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत आधी क्रीडावार्ताहर आणि १९३१ पासून ब्रॉडवे या तिथल्या नाट्यगृहांच्या परिसरावरील स्तंभलेखक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे रात्री नाट्यगृहांत आणि क्लबांत काढल्या, खरा गुणी कोण हे हेरण्याची सवय त्यांना तिथेच लागली आणि २० जून १९४८ रोजी सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवर सुरू झालेला, तऱ्हेतऱ्हेच्या कलावंतांना मंचावर आणणारा कार्यक्रम त्यांनी १९७१ पर्यंत याच नजरेच्या बळावर चालवला. खांदे आखडून, हात छातीशी बांधून ते उभे राहत, दोन वाक्ये बोलत आणि बाजूला होत. हा दोष कसला? ती कलावंताला मोकळी करून दिलेली वाट होती. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाला याच मंचावर पाहिले, हे लेखात आले आहे. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट राहून गेली. वर्णभेदाच्या त्या काळात प्रायोजकांची नाराजी पत्करून त्यांनी नॅट किंग कोल, एला फिट्झजेराल्ड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय कलावंतांना सन्मानाने पाचारण केले. आणि एवढा लौकिक मिळाल्यावरही वृत्तपत्रातील स्तंभ त्यांनी १९७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडला नाही.

– एक वाचक, सातारा