गृहमंत्री साहेब, पुडीवाला पोरगा पकडला, पुढे काय?

मा. गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी नाशिकरोडला मेडिकल चालवतो. कुठल्या पक्षाचा नाही, त्यामुळे हा कुणाचा माणूस आहे ते शोधायच्या भानगडीत कुणाला लावू नका. शिंदे गाव माझ्या दुकानापासून जवळच, पुण्याला जाताना टोलनाका लागतो तिथलं. ऑक्टोबर २०२३ मधे तिथे एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरचा, कारखाना सापडला, तीनशे कोटींचा माल म्हणून टीव्हीवर दिवसभर चाललं. पकडला कुणी, तर मुंबई पोलिसांनी. म्हणजे आमच्या नाकाखाली काय शिजतंय ते साकीनाक्याहून माणसं येऊन आम्हाला सांगतात, आणि इथल्या कुणालाच काही माहिती नव्हतं, बरं.

आणि त्या प्रकरणातला मुख्य आरोपी ललित पाटील कुठे होता तेव्हा? आधीच्या एमडीच्या केसमधला येरवडा जेलचा कैदी, पण मुक्काम पुण्याच्या ससून हॉस्पिटलच्या १६ नंबर वॉर्डात, महिनोनमहिने. ससूनच्या बाहेर दोन कोटींचा माल पकडला आणि लगेच २ ऑक्टोबरला हा बंदोबस्तातून पळाला. गांधी जयंतीचा मुहूर्त बघा. मग काही पोलीस सस्पेंड, डीन बाजूला, आणि सत्ताधारी-विरोधक दोन्हीकडच्या नेत्यांनी एकमेकांचे त्याच्याबरोबरचे फोटो काढून दाखवले. फोटो दोन्हीकडे निघाले यातच काय ते आलं.

त्याच महिन्यात एमडीसाठीच रेड पडली सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत, मग पैठण एमआयडीसीत. फेब्रुवारी २०२४ मधे पुणे जिल्ह्यातलं कुरकुंभ, तिथून धागा निघाला तो दिल्लीपर्यंत आणि इकडे सांगलीच्या कुपवाडपर्यंत, सगळा मिळून माल दीड हजार किलोच्या वर. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ आणखी एक. आणि त्यानंतर तुळजापूर! आई भवानीच्या गावात ड्रग्जची केस, आरोपींच्या यादीत काही पुजारी आणि तिथल्या राजकारणातली माणसं. आमच्याकडे नवरात्रात लोक पायी जातात तिथे, साहेब.

एवढ्या रेड झाल्या, एवढे कोटी टेबलावर मांडून फोटो निघाले, मग माल कमी झाला का? मी काउंटरवर बसतो म्हणून सांगतो, नाही झाला. रेड झाली की थोडे दिवस तंगी येते, भाव चढतो, आणि तीच पोरं माझ्यासारख्यांच्या दुकानात गोळी मागायला येतात. मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात, कुठे बटन म्हणतात, झोपेच्या नाहीतर घाबरटपणाच्या गोळ्या असतात त्या. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, एच-वन यादीतल्या अशा औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, आम्ही ठेवतो. जो ठेवत नाही त्याच्याकडे गर्दी होते. गोळी नाही मिळाली तर खोकल्याचं औषध, ते नाही तर पंक्चरचं सोल्युशन. एक दार लावलं की पोरगं दुसऱ्या दारात उभं, आणि दरवेळी दुसरं दार पहिल्यापेक्षा वाईट असतं असं माझं निरीक्षण आहे, डॉक्टर लोक जास्त सांगतील.

तुम्ही म्हणाल मग काय खुलं करायचं का एमडी? नाही. पानटपरीवर एमडी मिळावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण नुसत्या बंदीनं काय होतं हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि मुंबईत हातभट्टीवाले मोठे झाले, वरदराजन मुदलियारचं साम्राज्य गावठी दारूवर उभं राहिलं. सोन्यावर निर्बंध होते तेव्हा हाजी मस्तानसारखे शेठ झाले. १९९० मधे सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, पुढे आयात मोकळी झाली, तशी सोन्याच्या स्मगलिंगमधली मलई गेली. पण तोवर माणसं, पैसा, पोलिसातल्या ओळखी सगळं तयार होतं, ते वाया थोडंच जाणार. २०१२ पासून गुटखा बंद आहे राज्यात, मंत्रालयाच्या आसपासच्या टपरीवर एकदा साध्या कपड्यात जाऊन मागून बघा. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला लावली आणि २०२१ ला सरकारनंच उठवली.

मेक्सिकोचं एक उदाहरण मात्र तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण ते तुमच्या खुर्चीचं आहे. २००६ च्या डिसेंबरमधे तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, काल्देरोननी, कार्टेलविरुद्ध, म्हणजे ड्रग्जच्या टोळ्यांविरुद्ध, लष्कर उतरवलं. तेव्हापासून लाखो खून, एक लाखाच्या वर माणसं बेपत्ता म्हणून सरकारी नोंद आहे, आया पोरांची हाडं शोधत फावडं घेऊन माळरानात फिरतात. आणि ही लढाई चालवणारा सुरक्षा मंत्री कोण, तर हेनारो गार्सिया लूना. तोच सिनालोआ कार्टेलकडून पैसे खात होता हे २०२३ मधे न्यूयॉर्कच्या कोर्टात सिद्ध झालं, २०२४ मधे ३८ वर्षांची शिक्षा लागली. म्हणजे एका टोळीला संरक्षण आणि दुसरीवर रेड, पेपरात मात्र युद्ध. आपल्याकडे तसं आहे असं मी म्हणत नाही. पण बंदीतून जो पैसा तयार होतो तो आधी हवालदाराकडे जातो, मग नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर दिसतो, आणि त्यापुढे तो कुठवर चढतो हे बघायचं काम तुमच्या खात्याचं आहे, पेडलरची संख्या मोजायचं नाही.

आता आमच्या दुकानात येणाऱ्या बायकांचं सांगतो. मुलगा नाहीतर नवरा नशेत असतो, त्या विचारतात की भाऊ असं काही औषध आहे का की जेवणात कालवून देता येईल, त्याला कळणार नाही. मी म्हणतो वहिनी असं औषध नसतं, सिव्हिलला घेऊन जा, मानसोपचारवाल्यांना दाखवा. तर उत्तर ठरलेलं, नको भाऊ, पोलीस केस होईल, पोराची नोकरी, पोरीचं लग्न. आणि त्या घाबरतात ते काही खोटं नाही, कारण एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत, काही ड्रग्जना वर्षभरापर्यंत शिक्षा आहे. पण त्याच कायद्यात ६४-अ नावाचं कलम पण आहे की. सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसमधला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळते. एमडीत दोन ग्रॅमपर्यंत थोडा माल, पन्नासच्या वर व्यापारी. कायदा करणाऱ्यांनी फरक केलाय, पण चौकीत तो फरक कुणी सांगत नाही, कारण फरक सांगितला तर तोडपाणी कशावर करणार?

२००१ मधे पोर्तुगालनं सेवनाचा गुन्हा काढून टाकला, विकणाऱ्यावर गुन्हा तसाच ठेवला, आणि पकडलेल्या पोराला कोर्टाऐवजी समितीपुढे उभं केलं, तिथे समाजसेवक वगैरे असतात. तिथे सुयांमुळे होणारा एचआयव्ही खूप खाली आला. उलट अमेरिकेतल्या ओरेगॉननं २०२१ पासून शिक्षा काढली, पण उपचाराची सोय वेळेत उभीच केली नाही, रस्त्यावर उघड नशा वाढली म्हणून लोक चिडले आणि २०२४ ला परत गुन्हा करावा लागला. त्यामुळे नुसती सूट देऊन पण भागत नाही, बेड लागतात, डॉक्टर लागतात. आणि ते आरोग्य खात्याचं आहे असं म्हणून फाईल तिकडे सरकवू नका प्लीज.

जून २०२४ मधे पुण्यात एफसी रोडच्या बारमधे पोरं नशा करतानाचा व्हिडिओ आला तेव्हा बुलडोझर लगेच आला. बुलडोझरला वेळ लागत नाही असं दिसतं.

म्हणून मागतो ते एवढंच. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात ६४-अ मराठीत लिहून लावा, पोरगं पकडलं की त्याला आणि घरच्यांना ते वाचून दाखवायची सक्ती करा. सिव्हिलमधे व्यसनमुक्तीचे किती बेड चालू आहेत ते जिल्ह्यावार सभागृहात सांगा, मंजूर किती ते नको, चालू किती ते. एमआयडीसीतल्या भाड्यानं दिलेल्या आणि बंद पडलेल्या केमिकल शेडची तपासणी कोण करतं, शेवटची कधी केली, हे पण. आणि ससूनचं सगळं, कुणाच्या फोनवर तो महिनोनमहिने वॉर्डात राहिला, ते नावासकट. पुढच्या अधिवेशनात कुणी विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा.

आपला,
एक मेडिकलवाला, नाशिकरोड